आभाळ्याचा फोटो

३ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोन केला की तू दोन मिनिटांत ‘बरंय, ठेवतो’ म्हणतोस, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय सोबत एक झेरॉक्स पाठवायची आहे. ती नीट बघ आणि हातातलं सगळं काम बाजूला ठेवून उत्तर दे. काम कसलं म्हणा, रिटायर माणसाला!

परवा संध्याकाळी फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी आपल्या घरी आले. हो, त्याच क्लबचे. चव्वेचाळीस वर्षांत तिथलं काळं कुत्रं आपल्याकडे फिरकलं नव्हतं. बाबांनी दार उघडलं आणि तसेच उभे. ‘आत या’ म्हणायचंही त्यांना सुचेना. शेवटी मीच खुर्ची पुढे केली. तुमचा पेपर बंद पडला तेव्हा तिथलं फोटोंचं कपाट कुणीतरी उचललं होतं ना, ते या हातातून त्या हातात करत आता क्लबकडे आलंय. क्लबचा नवा हॉल होतोय. बारा नोव्हेंबरला उद्घाटन. भिंतीवर जुने फोटो लावणार आहेत आणि मधोमध, सगळ्यात मोठा, तो.

कोणता ते तुला सांगायला नको. फायनलची शेवटची दोन मिनिटं, बाबा गोलमध्ये, हात वर, डोळे आभाळाकडे, आणि बॉल खुशाल दोन पायांच्या मधून आत चाललेला. मी जन्मायच्या आधीचा फोटो, पण मी तो पाढ्यांसारखा पाठ करून मोठी झाले. त्या फोटोनंतर बाबांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारली नाही. बसस्टॉपवर, बाजारात, पाणीपुरवठ्याच्या स्टोअरमध्ये त्यांची नोकरी होती तिथेही, सगळीकडे ‘आभाळ्या’. आईच्या तोंडावरही म्हणायचे, मेले.

मी सेक्रेटरींना सरळ नाही म्हणणार होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘येतो मी. पुढच्या रांगेत बसवाल ना?’ मामा, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. माणूस इतक्या वर्षांनी बोलावणं आलं म्हणून इतका खूश, आणि बोलावणं कशासाठी, तर त्याच फोटोखाली बसायला. आता ते रोज कपाटातून एकेक शर्ट काढून मला विचारतात, हा बरा का.

क्लबला प्रत्येक फोटोचं प्रमाणपत्र हवंय, की तो त्याच वेळी मूळ निगेटिव्हवरून काढलेला आहे, मागाहून कुणी कॉपी मारलेली नाही. खेळाचे जुने फोटो तपासणाऱ्या एक बाई आहेत. फोटोतली माणसं ओळखायला घरचं कुणीतरी हवं, म्हणून मी गेले. त्यांनी पाकिटातून फोटो काढला आणि आधी पालथा केला. म्हणाल्या, पुढची बाजू कुणालाही फसवते, मी मागून सुरुवात करते. मागे जांभळा शिक्का आहे, चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी आहे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीची एक खूण, गोलात बरोबरची टिक. ती कुणाची ते त्यांना हवंय. त्याचीच झेरॉक्स पाठवतेय. तू त्याच टेबलांवर आयुष्य काढलंस, तुला नाही कळणार तर कुणाला?

तुझी,
चिमी

•

११ ऑगस्ट

चिमे,

पत्र पोचलं. रिटायर माणसाला काम नसतं असं तुला कुणी सांगितलं? कालच शेजारच्यांच्या लग्नाच्या फोटोतली नवरदेवाची दुहेरी हनुवटी मी एकेरी करून दिली. सगळं आता कॉम्प्युटरवर होतं म्हणतात, पण हनुवटी काढायला शेवटी माझ्याकडेच येतात.

शिक्का आमच्या पेपरचाच आहे. चिठ्ठीही तिथल्याच टाइपरायटरची, त्यात ‘र’ नेहमी अर्धाच उठायचा. पेन्सिलीची खूण कुणातरी उपसंपादकाची असेल. तिथे आल्यागेल्याला खुणा करायची हौस होती.

आता तू विचारलं नाहीस ते सांगतो. या भानगडीत पडू नकोस. कसलं प्रमाणपत्र आणि कसलं काय! प्रिंट जुनी आहे हे आंधळासुद्धा सांगेल. ती बाई भिंग लावून, दिवे लावून चार महिने घोळ घालेल. आणि फोटो कुणाला खरवडू-बिरवडू देऊ नकोस, जुना माल नाजूक असतो.

माझं ऐकशील तर सेक्रेटरींना म्हणावं, दुसरा फोटो लावा. त्याच वर्षीच्या सेमीफायनलचा एक होता, भाऊजी हवेत आडवे झालेत आणि बॉल बोटांच्या टोकावर. फार सुंदर होता. तो शोधा म्हणावं. हाच फोटो कशाला उकरून काढायचा? भाऊजींना म्हणावं, तिथे जाऊन काय मिळणार आहे? त्या दिवशी घरी टीव्हीवर छानसा सिनेमा बघा. हवं तर मीही येईन सोबतीला.

शर्ट मात्र निळा बरा दिसेल.

मामा

•

२ सप्टेंबर

प्रिय मामा,

‘खरवडू देऊ नकोस’ हा तुझा सल्ला मी बाईंना सांगितला. त्यांनी भिंगावरून माझ्याकडे बघितलं. ‘तुमचे मामा काय करायचे?’ मी म्हटलं, पेपरात होते, फोटो विभागात. ‘बरं,’ म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

आता बसून वाच. प्रिंट अस्सल आहे. कागद त्याच काळातला, मूळ निगेटिव्हवरून त्याच दिवशी काढलेली, सगळं जमतं. पण बॉल नाही जमत. त्यांनी खिडकीचे पडदे ओढले आणि फोटो जांभळ्या दिव्याखाली धरला. कागद सगळा निळसर उजळला आणि बॉल तेवढा काळाकुट्ट राहिला. बाबांच्या पायांमध्ये भोक पडल्यासारखा. मग त्यांनी फोटो तिरपा धरून भिंगातून दाखवला. बॉल कागदाच्या वर आलेला आहे, मामा. तो रंग आहे. कुणीतरी ब्रशने काढलाय. त्याची सावलीसुद्धा.

त्यांनी मला समजावलं की हे त्या काळी सर्रास चालायचं. बॉल पुसट आला की पेपरवाले त्यावर पांढरा रंग मारून तो उठवायचे, म्हणजे छपाईत दिसेल. पण कधीकधी बॉल फोटोत नसायचाच, तेव्हा वाटेल तिथे काढून मोकळे व्हायचे. इथे यातलं काय झालं ते निगेटिव्ह पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कपाटात या फोटोच्या निगेटिव्हचं पाकीट आहे, पण रिकामं.

मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काय करते? लोकांची बुबुळं कुठे वळतात ते बघते. काल तो फोटो पहिल्यांदा त्या नजरेने बघितला. बाबा आभाळात हरवलेले नाहीत रे. दोन्ही डोळे एका जागी खिळलेत, वर, डावीकडे. हातही तिकडेच निघालेत. तो माणूस काहीतरी बघतोय. बॉल वर होता, असं नाही का वाटत तुला?

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. मी पाचवीत होते. शाळेच्या खेळांच्या दिवशी बाबा येणार होते. वर्गातल्या मुली आदल्या दिवशी माझ्याभोवती माना वर करून, पाय फाकून नाचल्या. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, पालकांना बोलावलेलं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शर्यतीत दुसरी आले. मग बघितलं तर ते शाळेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मी ओळख दाखवली नाही. मामा, तो बॉल रंगाचा असेल तर मी कशाची लाज बाळगली?

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तू सांग, त्या वेळी फोटो रंगवायला कोण होतं? तुमचा तो तिरसट चीफ होता ना, त्यानेच केलं असणार. खूण त्याची का?

चिमी

•

२० सप्टेंबर

मामा,

अठरा दिवस झाले. तब्येत ठीक आहे ना? शेजारच्यांना फोन केला, ते म्हणाले, मामा रोज फिरायला जातात, मजेत आहेत. मग उत्तर का नाही?

चिमी

•

२७ सप्टेंबर

चिमे,

मजेत नाही. हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली.

खूण माझी आहे. मी रिटचर होतो, छपाईआधी फोटोंवर ब्रश फिरवणारा, हे तू विसरलीस की मुद्दाम विसरल्यासारखं केलंस, मला कळत नाही. चीफने फक्त सांगितलं. ब्रश माझ्या हातात होता.

मी मॅचला नव्हतो. संध्याकाळी फोटोग्राफर धापा टाकत आला, फिल्म धुतली, ओली प्रिंट माझ्या टेबलावर आली. चीफ म्हणाला, ‘यात बॉल कुठाय? बॉलशिवाय गोल कसला? काढ.’ बॉल पुसट नव्हता, चिमे. फोटोत तो नव्हताच, वरच्या कडेच्याही वर गेला होता. मी म्हटलं, वर काढतो. तो म्हणाला, वरचा भाग मथळ्यात जाणार, खाली काढ, त्या पायांमध्ये मोकळी जागा आहे बघ. मी म्हटलं, ‘ते माझ्या बहिणीचे यजमान आहेत.’ तो हसला. ‘मग नीट काढ.’

मी नीट काढला. शर्टाचं बटण ठेवून गोल आखला, पांढरा भरला, शिवण दाखवली, खाली सावली टाकली. दहा मिनिटांत काम फत्ते. सावली इतकी झकास उतरली की मी शेजारच्याला बोलावून दाखवली. हेही लिहितो, कारण आता लपवून कुठे जाऊ. त्याच सकाळी तुमच्याकडे जेवताना भाऊजींनी माझी टिंगल केली होती. ‘हा आमचा रंगारी, पुढाऱ्यांच्या मिशा काळ्या करतो.’ सगळे हसले होते, ताईसुद्धा. बॉल काढताना क्षणभर ते आठवलं आणि मला गंमत वाटली. क्षणभरच, पण वाटली.

मला वाटलं, एक दिवसाचा पेपर, उद्या रद्दीत जाईल. लोकांनी तो कापून भिंतींवर लावला. मैदानात धूळ आणि खेळाडूंची गर्दी, कुणाला धड काही दिसलं नव्हतं. पेपरात जे आलं तेच सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं असं झालं.

तू लाज कशाची बाळगलीस विचारतेस. माझी. माझ्या वाटची तू बाळगलीस आणि तुझ्या बापानेही. मी मात्र तुमच्याकडे येऊन पोटभर जेवत राहिलो.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. बाईंना हवं असेल तर मी सहीनिशी लिहून देतो.

मामा

•

६ ऑक्टोबर

मामा,

पत्र वाचून दाखवलं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटलं रडतील, ओरडतील, तुला शिव्या देतील. मी तर तयारीच करून बसले होते, त्यांची गोळी जवळ, पाणी जवळ.

ते हसले. म्हणाले, ‘वेडा आहे छोट्या.’ मी म्हटलं, बाबा, कळलं ना तुम्हाला मामाने काय लिहिलंय? तर म्हणाले, ‘सगळं कळलं. मला समारंभात कमीपणा येऊ नये म्हणून त्याने हे रचलंय. पहिल्यापासून हळवा आहे तो.’

मग त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते:

‘छोट्या, तू माझ्यासाठी स्वतःवर एवढं ओढवून घेतोस हे ऐकून भरून आलं. सख्ख्या भावाने केलं नसतं. पण म्हातारपणी खोट्या कागदावर सही करू नकोस, तुझ्या नावाला बट्टा लागेल. बॉल पायांतूनच गेला. डाव्या पोटरीला घासून गेला, ते मला अजून जाणवतं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून मी वर बघत राहिलो. चूक माझी होती आणि मी ती कधीच पचवली आहे. तुझे उपकार विसरणार नाही.’

वाचलंस? उपकार! तू त्यांच्या डोक्यातसुद्धा बॉल काढून ठेवलायस. सावलीसकट.

मला तुझं पत्र खरं वाटतं. तेच तर वाईट आहे. खोटं वाटलं असतं तर तुझ्यावर पूर्वीसारखी माया राहिली असती. लहानपणी मला सायकल शिकवणारा तू, माझ्या लग्नात आईइतकाच रडणारा तू. आणि चव्वेचाळीस वर्षं त्या एका बॉलबद्दल तू तोंड उघडलं नाहीस. ऑगस्टमध्येसुद्धा मला उपसंपादकाची थाप मारलीस.

बाईंना तुझं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, सही चालेल, पण ती एका नातेवाइकाची सही. त्या इतकंच लिहू शकतील की बॉल रंगवलेला आहे, खरा कुठे होता ते सांगता येत नाही. सेक्रेटरी म्हणतात, मग प्रश्नच मिटला, गोलकीपर स्वतःच सांगतोय ना बॉल पायांतून गेला. फोटो मधोमधच लागणार. खाली ओळही ठरली आहे, ‘आभाळ्याचा तो क्षण’.

बाबांनी निळा शर्ट इस्त्री करून आणलाय.

चिमी

•

१५ ऑक्टोबर

चिमे,

या पत्राबरोबर पुठ्ठ्यात घालून फिल्मची एक पट्टी रजिस्टरने पाठवतोय. कडेने धर, बोटं लावू नकोस. तिच्यावर दोन चौकटी आहेत. पहिली तीच, त्या फोटोची. बघशील तर पायांमध्ये नुसती माती आहे. दुसरी त्याच्या पाठोपाठची. बॉल जाळीच्या वरच्या कोपऱ्यात आहे आणि भाऊजींच्या पुढे त्यांच्याच टीमचा बॅक, गोलपुढे बचावाला खेळणारा, डोकं दोन्ही हातांनी धरून उभा आहे. बॉल त्याच्या डोक्याला लागून उडाला होता. जगातल्या कुठल्याही गोलकीपरला तो अडवता आला नसता. तो बॅक पुढच्याच वर्षी गाव सोडून गेला आणि तिकडेच वारला. तोही बोलला नाही.

आता तू विचारशील, रिकाम्या पाकिटातली पट्टी माझ्याकडे कशी. मॅचनंतरच्या आठवड्यात मी ती चोरली. बघितल्याबरोबर कुणालाही कळलं असतं, म्हणून. मागच्या पत्रात हे लिहायला माझा हात धजला नाही. बॉल काढला तो दहा मिनिटांचा गाढवपणा, असं म्हणून सुटता आलं असतं. पट्टी घरात ठेवली तो गाढवपणा नाही. लाइटबिलांच्या फाइलमध्ये होती. दर महिन्याला बिल लावायला फाइल उघडायची आणि तिच्याकडे न बघता मिटायची, इतकी मला सवय झाली होती.

अजून एक आहे. तेही सांगतो आणि मग माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

मॅचनंतर चौथ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो. भाऊजी तेव्हा सगळ्यांना सांगत होते की बॉल वरून गेला. ओरडून सांगत होते. लोक त्यांच्यापुढे पेपर धरायचे. त्या दिवशी ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. ती फार थकलेली दिसत होती. म्हणाली, ‘छोट्या, तू पेपरात आहेस, तुला यातलं कळतं. खरं सांग, फोटो खोटं बोलतो का रे?’

मी म्हटलं, ‘नाही ताई. फोटो खोटं नाही बोलत.’

ती बाहेर गेली आणि भाऊजींच्या शेजारी बसली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर भाऊजींनी बॉल वरून गेला असं कधीच म्हटलं नाही. खेळायलाही ते परत गेले नाहीत. पुढे तीसेक वर्षं, मी इकडे राहायला येईपर्यंत, दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसून बुद्धिबळ खेळलो. ते मला मुद्दाम जिंकू द्यायचे, हे मला माहीत होतं.

भाऊजींचे आभार मला वाचवत नाहीत, चिमे. शिवी दिली असती तर सोसली असती. त्यांना म्हणावं, ते शब्द परत घ्या. पट्टी बघा आणि परत घ्या.

मामा

•

२४ ऑक्टोबर

मामा,

पट्टी पोचली. बाबांना दुकानात घेऊन गेले. आमच्याकडे लेन्स तपासायची उजेडाची काच आहे, तिच्यावर पट्टी ठेवली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

पहिली चौकट त्यांनी बराच वेळ बघितली. म्हणाले, ‘उलटं दिसतंय, काळ्याचं पांढरं झालंय, नीट कळत नाही.’ मी दुसरी दाखवली. ते भिंग घेऊन काचेवर पार वाकले. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. मग खुर्चीत बसले आणि डाव्या पोटरीवरून हात फिरवत राहिले.

थोड्या वेळाने विचारलं, ‘हे त्याच्याकडे कधीपासून होतं?’ मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे रविवारी यायचा तेव्हाही?’ मी मान हलवली. ‘आणि तुझी आई आजारी होती, तो दवाखान्यात तिच्या उशाशी बसायचा, तेव्हाही?’

तुझ्या वतीने मी खाली बघितलं.

घरी येताना रस्त्यात मी त्यांना शाळेच्या खेळांबद्दल सांगितलं. कुंपणाबाहेर तुम्ही उभे होता, मी तुम्हाला बघितलं होतं, म्हटलं. ते म्हणाले, ‘मला माहीत आहे. तू दुसरी आलीस.’ मला भर रस्त्यात रडू फुटलं. ते शेजारी थांबून राहिले, इतकंच.

बाईंनी पट्टी तपासली. प्रमाणपत्रात आता सगळं येणार आहे, दुसऱ्या चौकटीसकट. सेक्रेटरींची पंचाईत झालीय. ती ओळ काढतील, पण फोटो तोच लावणार, म्हणतात आता तर तो आणखी ऐतिहासिक झाला.

बाबा तुला स्वतः लिहिणार आहेत. मी मदत करू का विचारलं तर नको म्हणाले.

चिमी

•

२६ ऑक्टोबर

छोट्या,

फिल्म पाहिली. चिमीने तुझं पत्रही वाचून दाखवलं. आज बाईंकडे जाऊन त्यांनी काढलेली मोठी प्रिंटही पाहिली.

मी इतकी वर्षं स्टोअर सांभाळलं. शिल्लक माल आणि वहीतला माल जुळला नाही की मी माल पुन्हा मोजायचो. स्वतःच्या बाबतीत मात्र वही खरी मानली. हा दोष माझा. बाकीचा तुझा.

बॅक डोकं धरून उभा बघितला आणि त्याचा आवाज आठवला. ‘लागला रे मला,’ म्हणाला होता. मी ते पार विसरून गेलो होतो. पोटरीला काय घासलं म्हणून मी सांगत होतो ते आता मलाच कळत नाही. रोज जाणवायचं, खोटं नाही सांगत.

मी तुझे आभार मानले होते. ते परत घेतले.

तुझ्या ताईने त्या दिवशी बाहेर येऊन मला काय सांगितलं ते तुला ऐकू आलं नाही म्हणतोस. ती म्हणाली, ‘होऊ दे, चूक सगळ्यांकडून होते, मी आहे ना.’ पुढे आयुष्यभर तिने मला त्या चुकीबद्दल माफ केलं. लोकांशी भांडली, शेजारणींशी बोलणं टाकलं, पण मी चुकलो हे धरूनच. ती गेली तेव्हा तिला तेच खरं माहीत होतं. चिमीला खरं कळलं, मला तुला लिहिता येतंय, सेक्रेटरीच्या तोंडावर प्रमाणपत्र मारता येईल. तिला काय सांगू? तूच सांग. मला सुचलं नाही.

माफीचं तू लिहिलेलं नाहीस, बरं केलंस. सध्या माझ्याकडे नाही. पुढे होईल का, माहीत नाही. वाट बघू नकोस.

एक काम मात्र तुला करायचं आहे. प्रमाणपत्र फायलीत जाईल, ते कोण वाचतो? भिंतीवरचा फोटो सगळे बघतील. तो लावू नका असं मी सांगणार नाही, लावू दे. बाराला तू ये. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी तुझी खुर्ची ठेवायला मी सेक्रेटरींना सांगितलं आहे. फोटोवरचा पडदा काढला की लोक माझ्याकडे बघतील. तेव्हा मी बसून राहीन आणि तू उभा राहायचंस. बॉल कुणी काढला, कुठे काढला, खरा कुठे होता, सगळं सांगायचं. ताईला काय सांगितलंस तेही सांगायचं. पुटपुटू नकोस, मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे.

लोक हसतील, काही ओरडतील. त्या वेळी मी तुझ्या शेजारी असेन. तुझा हात धरणार नाही. उठूनही जाणार नाही.

गाडीची वेळ चिमीला कळव.

भाऊजी